ज्याओब्येन

बुकित पंजांग,
९ जून २०२५

प्रिय मीनल,

तुझं पत्र पोचलं. एकाच बेटावर राहणाऱ्या, दर रविवारी मराठीच्या वर्गात भेटणाऱ्या आणि रोज व्हॉट्सअ‍ॅपवर भाज्यांचे फोटो पाठवणाऱ्या दोन बायका एकमेकींना तिकीट लावून पत्रं का लिहितात, हे आमच्या अर्जुनला अजून कळलेलं नाही. "तुमचं मराठी गंजू नये म्हणून पोस्टमनने का पळायचं?" असं विचारतो. मी म्हटलं, तू फक्त खाली जाऊन पेटीत टाकून ये, बाकीची चिंता पोस्टाला करू दे.

आज एक काम आहे. तुझी इरा म्हणाली, तुमच्याकडे राहणारा क्षितिज या महिन्याअखेरीस खोली सोडतोय. तसं असेल तर ती खोली माझ्या भाचीला देशील का? दीक्षा, माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी, अमरावतीची. पाणी गाळायच्या पडद्यांवर काहीतरी संशोधन करते. तिला इथे युनिव्हर्सिटीत पीएच.डी.साठी जागा मिळाली. ऑगस्टच्या सुरुवातीला हजर व्हायचंय आणि हॉस्टेलमध्ये जागा नाही. आमच्याकडे उज्ज्वलची बारावीसारखी परीक्षा, दोनच खोल्या, आणि तिला प्रयोगासाठी वेळीअवेळी लॅबमध्ये जावं लागणार. तुमच्या ब्लॉकखालून बस थेट तिच्या दारात जाते. पोर शांत आहे. हसते मात्र मोठ्याने, आधीच सांगून ठेवते.

इराने या रविवारी मला नवा चिनी शब्द दिला: माफान. म्हणजे कटकट, दुसऱ्याला दिलेला त्रास. मी तिला बदल्यात 'लुडबुड' दिला. तेव्हा ही माझी माफान समज.

इराबरोबर जवसाची चटणी पाठवली आहे. डबा सावकाश परत कर.

तुझी,
ललिता

*

क्लेमेंटी,
१३ जून

प्रिय ललू,

अगं विचारतेस काय! खोली दीक्षाचीच. भाड्याचं दोघे नवरे, शिरीष आणि अर्जुन, बघून घेतील, आपण त्यात पडायचंच नाही. मला तर इतका आनंद झालाय! क्षितिज बरा होता, पण तळलेल्या बोंबलांचा वास अजून पडद्यांना आहे. कुणी परकं ठेवण्यापेक्षा आपल्यातलं कुणी घरात असलं की जिवाला बरं वाटतं. इरालाही मराठी बोलायला ताई मिळेल. नाहीतर माझ्याशी बोलताना तिचं सगळं 'लाह'वर संपतं.

खोलीचा फोटो पाठवतेय, दीक्षाला दाखव. खिडकीतून पूल दिसतो. उशीचे अभ्रे मी नवीन आणणार आहे. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करूया का? म्हणजे मी, शिरीष आणि ती, तोंडओळख होईल.

आणि हो, तुझ्या हॉलमधल्या बुद्धाची मला किती वर्षं भुरळ पडली होती! शेवटी मीही तसाच घेतला. टीव्हीखाली ठेवलाय, शेजारी बांबूचं झाड. घर कसं शांत-शांत वाटतं. इथल्या सगळ्यांच्याच घरी असतो म्हणा, पण तुझी निवड खरी. आणि वेसाकच्या सुट्टीला तू करतेस ती खीर पुढच्या वर्षी मला शिकव.

तुझीच,
मीनल

*

क्लेमेंटी,
१८ जून

प्रिय ललिता,

कॉल छान झाला. मुलगी हुशार आहे, चुणचुणीत आहे. तुझी चटणी अप्रतिम होती, संपलीसुद्धा. शिरीषने नुसत्या भाकरीबरोबर खाल्ली.

एक छोटीशी अडचण झाली आहे गं. खोलीला रंग द्यायचं ठरलंय. शिरीषने माणूस बोलावला तर तो म्हणतो भिंतीत ओल आहे, आधी ते काम. कधी संपेल सांगता येत नाही. शिवाय आर्यनचं नॅशनल सर्व्हिस. तो शनिवार-रविवारी सैन्याच्या कॅम्पमधून घरी येतो, त्याला निवांत झोपायला जागा नाही. इतके दिवस इराच्या खोलीत गादी टाकायचो, पण आता तो मोठा झाला. म्हणजे नाही म्हणत नाही हं मी. फक्त दीक्षाने दुसरीकडेही बघून ठेवावं, तिची अडचण व्हायला नको, म्हणून आपलं सांगून ठेवलं.

बाकी ठीक.

मीनल

*

बुकित पंजांग,
२२ जून

प्रिय मीनल,

ओल लागली म्हणजे खरंच वैताग. आमच्या बाथरूमला लागली होती तेव्हा अर्जुन महिनाभर भिंतीला हात लावून ज्योतिष्यासारखा बोलत होता. पण दीक्षा ऑगस्टमध्ये येणार, तोवर रंग वाळून पिवळासुद्धा पडेल. आठवडाभर उशीर झाला तर आमच्याकडे हॉलमध्ये झोपेल.

आर्यनचं म्हणशील तर क्षितिज होता तेव्हाही आर्यन शनिवारी येतच होता. तरीही त्याला खोली द्यायची असेल तर ते तुझं घर आहे, तुझा मुलगा आहे. तसं स्पष्ट सांग, मी मुळीच राग धरणार नाही. पण मला लवकर सांग. पोरीने तुझ्या खिडकीचा फोटो आईला, आजीला आणि शेजारच्या काकूंना दाखवून झालाय. पुलाखालून काय वाहतं, असंही विचारत होती.

तुझ्या पत्रात या वेळी 'ललू' नव्हतं. काही बिनसलंय का?

तुझी,
ललिता

*

क्लेमेंटी,
२७ जून

प्रिय ललिता,

छे गं, बिनसायचं काय! घाईत लिहिलं होतं.

खरं सांगू का, सासूबाई येणार आहेत पुण्याहून. बहुतेक ऑगस्टमध्येच. त्यांचं देवाधर्माचं कडक आहे, आणि ती खोली नेमकी देवघराला लागून. त्यांना घरात परकी मुलगी चालेल का, हा प्रश्न. आम्हाला काहीच नाही, तुला माहीत आहे आम्ही किती मोकळे आहोत. पण म्हाताऱ्या माणसांना या वयात काय समजवायचं? त्यातून हे सरकारी घर, खोली द्यायची म्हणजे एचडीबीची परवानगी. हल्ली फार कडक झालंय म्हणे. आणि खाणं. दीक्षा नॉनव्हेज करत असणार ना? नाही, करावं, ज्याची त्याची आवड. आमचंच किचन लहान.

तेव्हा तिच्याच भल्यासाठी सांगते, तिला तिच्यासारख्या मुलींबरोबर जास्त मोकळं वाटेल. युनिव्हर्सिटीतल्या मुली मिळून फ्लॅट घेतात, मजा असते.

या रविवारी आम्ही लिटिल इंडियात खरेदीला जाणार आहोत, वर्गाला इरा एकटीच येईल.

मीनल

*

अमरावती,
३० जून
(ईमेल)

प्रिय मावशी,

तू फोनवर विचारलंस तेव्हा आई शेजारी होती, म्हणून नीट बोलले नाही.

मीनलकाकूंचा कॉल खरंच छान झाला होता. त्यांनी मला उशीच्या अभ्र्यांचे रंग दाखवले. कोणता हवा विचारलं, मी निळा म्हटलं. काकांनी विषय समजून घेतला. इरा मागून हात हलवत होती. मग काकूंनी विचारलं, "तुझ्या मागे फोटो कुणाचा गं? नीट दिसत नाही." मी लॅपटॉप वळवून दाखवला. बाबासाहेबांचा मोठा फोटो आहे ना आपल्या हॉलमध्ये, तो. काकू "अच्छा, अच्छा" म्हणाल्या. मग एकदम म्हणाल्या, कुकर झालाय, ठेवते. मी सवयीने "जय भीम काकू" म्हणाले. त्यावर कुणीच काही बोललं नाही. मला वाटलं, नेट गेलं. पण चित्र हलत होतं. काका टेबलावरचा ग्लास उचलत होते. मग त्यांनी कॉल बंद केला.

मावशी, माझं काही चुकलं का? पहिल्याच वेळी मी तसं म्हणायला नको होतं का? नुसतं 'नमस्कार' म्हटलं असतं तर खोली मिळाली असती. तिकडे लॅबमध्ये अजून मराठी लोक आहेत असं कळलंय. त्यांना भेटल्यावर काय म्हणायचं ते तू सांग, मी तसं करेन. तुझी मैत्रीण माझ्यामुळे दुरावायला नको.

तुझी,
दीक्षा

*

बुकित पंजांग,
६ जुलै

मीनल,

आज वर्गात 'मी आणि माझी खोली' यावर मुलांना पाच वाक्यं लिहायला दिली. विषय आधीच ठरलेला होता, मुद्दाम दिला नाही. इराने लिहिलं, आमच्या घरी वेदांतदादा राहायला आला आहे, तो गिटार वाजवतो आणि कपाळाला टॉवेल बांधून चिकन करतो.

म्हणजे भिंत वाळली, एचडीबी नरमलं, आर्यनची झोप झाली, किचन मोठं झालं आणि देवघर आपलं आपण दोन हात मागे सरकलं. इतकी कामं एका आठवड्यात उरकणारा माणूस कोण, मलाही पत्ता दे.

मी इराला काही विचारलं नाही. ती पोर आहे. फक्त वर्ग संपल्यावर तिला शब्द मागितला, दर वेळी मागते तसा. म्हटलं, पकडला गेलेला माणूस कबूल करत नाही, एक कारण पडलं की दुसरं उभं करतो, दुसरं पडलं की तिसरं, आणि वर आपल्यालाच मूर्ख ठरवतो, याला तुमच्या चिनी वर्गात काय म्हणतात? तिला विचार करावा लागला नाही. "ज्याओब्येन," म्हणाली. "लाओशी रोज म्हणतात, मावशी. होमवर्क नाही आणला आणि कुणी स्टोरी सांगायला लागलं की, बुयाओ ज्याओब्येन! म्हणजे, डोन्ट ज्याओब्येन, लाह." पहिल्या अक्षरात लबाडी आहे आणि दुसऱ्यात वाद, असंही तिने लिहून दाखवलं.

ती बदल्यात मराठी शब्द मागत होती आणि मला देता येईना. सारवासारव म्हणावं, तर सारवणाऱ्याला थोडी लाज असते. टोलवाटोलवीत निदान चेंडू तरी दिसतो. वितंडवाद घालणारा समोर उभा राहून भांडतो. मखलाशी जवळ येते, पण ती दुसऱ्याच्या वतीनेही करता येते. तुझी तीन पत्रं पुढ्यात घेऊन बसले आणि यातला एकही शब्द पुरा पडला नाही.

मला आता ती खोली नको. दीक्षाला तिथे राहायचंही नाही. मला तुझ्याकडून एक सरळ वाक्य हवं आहे. फोनच्या आधी खोली तिची होती, अभ्र्याचा रंगसुद्धा तिने निवडला होता. फोन ठेवल्यावर ती तिची राहिली नाही. मध्ये काय झालं? ते लिही, आणि मला नको, दीक्षाला लिही. ती तिकडे बसून आपलं काय चुकलं ते शोधते आहे. तेवीस वर्षांच्या मुलीने परदेशात पाऊल ठेवायच्या आधी आपली जीभ कुठे आवरायची हे शिकून यावं, हे मला सहन होत नाही.

एक वाक्य. त्यात 'पण' नको.

ललिता

*

क्लेमेंटी,
१० जुलै

ललिता,

तुझं पत्र वाचून मला धक्का बसला. इतक्या वर्षांची मैत्री, आणि एका खोलीवरून तू मला लबाड म्हणतेस? तेही माझ्याच मुलीच्या तोंडून शब्द काढून घेऊन?

वेदांत हा शिरीषच्या ऑफिसमधल्या साहेबांचा पुतण्या. त्याला नाही म्हणणं शक्यच नव्हतं. तो तात्पुरता आहे. चिकन तो एकदाच करणार होता.

आणि तू जे सुचवते आहेस ते मला अगदी नीट कळलंय. तुला म्हणायचंय की आम्ही जात बघतो. आम्ही! मी आयुष्यात कधी कुणाची जात विचारली नाही. माझ्या शाळेतल्या दोन मैत्रिणी तुमच्यातल्या होत्या, आम्ही एका डब्यात जेवायचो. आमच्या घरात टीव्हीखाली बुद्ध आहे! जात मानणाऱ्याच्या घरात असतो का? खरं सांगायचं तर हल्ली जातीचा विषय कोण काढतं ते बघ. आपण सगळे ते सगळं मागे टाकून इथे आलो. मग प्रत्येक गोष्टीत जात आणायची, फोन ठेवताना घोषणा द्यायच्या, समोरच्याला अवघडल्यासारखं होईल याचा विचार करायचा नाही, ही कुठली रीत? तिने साधं 'बाय' म्हटलं असतं तर काही प्रश्नच नव्हता. म्हणजे तसाही नव्हताच.

आणि एक विचारू? इतकी वर्षं तू तरी स्वतःहून कुठे सांगितलंस? मैत्रिणीपासून लपवायचं आणि मग मैत्रिणीलाच दोष द्यायचा. मलाही फसवल्यासारखं वाटू शकतं ना? पण मी तसं म्हणाले का? नाही. कारण मी माणसं बघते.

दीक्षाला मी काही लिहिणार नाही, कारण लिहिण्यासारखं काही झालेलंच नाही.

मीनल

*

बुकित पंजांग,
१४ जुलै

मीनल,

माझं सहा तारखेचं पत्र तुझ्याकडे असेल तर पुन्हा वाच. त्यात जातीचं अक्षर नाही. फोटोचं नाही, दीक्षा फोन ठेवताना काय म्हणाली त्याचंही नाही. मी फक्त विचारलं होतं, मध्ये काय झालं? तू चार दिवसांनी ते उत्तर सगळ्या कागदभर लिहून पाठवलंस आणि खाली सही करून म्हणालीस, काही झालेलंच नाही.

मी कधी सांगितलं नाही म्हणतेस. तू पहिल्यांदा आमच्याकडे आलीस तेव्हा शिरीषने विचारलं होतं, "गायकवाड म्हणजे बडोद्याचे का?" अर्जुन म्हणाला, "नाही, खडकीचे." आपण सगळे हसलो. मला वाटलं, समजलं आणि संपलं. दर वेसाकला, म्हणजे बुद्धपौर्णिमेला, मी सकाळी पांढरी साडी नेसून विहारात जाते आणि दुपारी तुला खीर पाठवते. तू तिला सुट्टीची खीर समजलीस. माझ्या हॉलमध्ये बुद्ध आहे. त्याच्यापुढे मी रोज मेणबत्ती लावते. तुला वाटलं, सजावट. बाबासाहेबांचा फोटो आतल्या खोलीत आहे, कारण हॉलमध्ये दुपारचं ऊन येतं आणि फोटो फिका पडतो. ऊन नसतं तर तुझी इतकी वर्षं फुकट गेली नसती.

लपवायला काय होतं माझ्याकडे? मी तुला माझा रक्तगटही सांगितलेला नाही. तो समजल्यावर तू माझ्या हातचं खाणं सोडणार आहेस का?

दोन दिवस मी चिडलेली होते. आता राग नाही, किळस वाटते. रागात समोरच्या माणसाकडून अजून काही हवं असतं. तुझं पत्र मी स्वयंपाकघरात वाचलं आणि नंतर हात धुतले, इतकं खरं सांगते. तू तोंडावर म्हणाली असतीस, "ललिता, तुम्ही बौद्ध आहात, आम्ही तुमच्या मुलीला घरात ठेवणार नाही," तर मी भांडले असते, रडले असते, शिरीषला चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण तू तेही केलं नाहीस. तू भिंतीवर ढकललंस, मुलावर ढकललंस, पुण्यात बसलेल्या म्हाताऱ्या बाईवर ढकललंस, आणि सगळे संपल्यावर एका मुलीच्या नमस्कारावर ढकललंस. 'तुमच्यातल्या' म्हणालीस. मागच्या महिन्यात मी 'आपल्यातली' होते. एवढं अंतर मी न हलता चालून आले.

दीक्षाला खोली मिळाली. तुमच्याच मागच्या ब्लॉकमध्ये, श्रीमती गोह यांच्याकडे. मी बघायला गेले. बाईंनी दारातच विचारलं, "इंडियन आह? करी कुक, कॅन. बट किचन डोअर मस्ट क्लोज, हाह. बॉयफ्रेंड कम, सिटिंग रूम ओन्ली." मला त्या प्रश्नाचा राग आला, शेवटच्या अटीला हसू आलं. वर 'मी माणसं बघते' असं काही त्या म्हणाल्या नाहीत. माणूस आत आला तर चप्पल कुठे काढायची ते दाखवलं.

यापुढे पत्र पाठवू नकोस. इराने वर्गाला यावं. तिचं मराठी सुधारतं आहे, आणि तिचा यात काही संबंध नाही.

ललिता गायकवाड

*

क्लेमेंटी,
२१ जुलै

प्रिय ललिता,

माझ्या कुठल्या शब्दाने तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी. मला तसं म्हणायचं नव्हतं. तू थोडी जास्तच मनाला लावून घेतेस, हा तुझा जुना स्वभाव. वेळ गेला की शांत होशील.

इराची दहावीची तयारी सुरू होतेय, रविवारी ट्यूशन लावली आहे. त्यामुळे वर्ग बंद. यात दुसरं कारण शोधू नकोस.

मीनल

*

क्लेमेंटी,
३ ऑगस्ट

प्रिय ललिता मावशी,

हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. आईला माहीत नाही. चुका असतील, सॉरी. काही शब्द मला येत नाहीत, ते मी इंग्लिशमध्ये लिहीन.

तुम्ही मला ज्याओब्येन शब्द विचारला तेव्हा मला माहीत नव्हतं तो कुणासाठी आहे. आता माहीत आहे. तुमची पत्रं आईने कपाटावर ठेवली होती. मी वाचली. वाचायला मला दोन दिवस लागले.

मावशी, आजी येणार नाही. आजी पुण्यात आहे आणि तिचे गुडघे दुखतात. ती मला फोनवर म्हणाली, मी कशाला विमानात बसू? भिंतीला ओल नव्हती. रंगवाला माणूस आला नाही. आर्यनदादा म्हणाला, मला खोली नको, मला फक्त झोप पाहिजे.

त्या दिवशी फोन बंद झाला तेव्हा मी तिथेच होते. पप्पा म्हणाले, आधी विचारायला पाहिजे होतं तू. आई म्हणाली, मला काय माहीत, गायकवाड आहेत ना, मला वाटलं मराठा. मग ती म्हणाली, इतकी वर्षं आपण त्यांच्याकडे जेवलो. मग ती किचनमध्ये गेली. तुमच्या जवसाच्या चटणीचा डबा फ्रीजमध्ये होता, अर्धा भरलेला. तिने तो रबिश चूटमध्ये टाकला. डब्यासकट. स्टीलचा होता म्हणून खाली पडताना खूप आवाज आला, टँग टँग टँग, सगळ्या मजल्यांवर. मी विचारलं, व्हाय? ती म्हणाली, खराब झाली होती. पण मी सकाळीच खाल्ली होती. खराब नव्हती. मी पप्पांकडे बघितलं, पप्पा फोनमध्ये बघत होते.

आय फेल्ट सिक, मावशी. अजून पण वाटतं. त्याला मराठीत काय म्हणतात तुमच्या पत्रात आहे, मी ते आता शिकले.

तुम्ही आईकडे एक वाक्य मागितलं होतं. आई ते लिहिणार नाही. मी तिला विचारलं, तिने मलाच ओरडली आणि म्हणाली, तुला इंडियातलं काही कळत नाही. म्हणून मी लिहिते. दीक्षाताईला द्या.

आम्ही तुला खोली दिली नाही, कारण तुम्ही बौद्ध आहात.

यात 'पण' नाही. मी चेक केलं.

अजून एक विचारायचं होतं. दीक्षाताई शेवटी जे म्हणाली, जय भीम, ते मला त्या दिवशी कळलं नव्हतं, म्हणून मी गप्प बसले. नंतर गूगल केलं. पण तिथे हे नीट लिहिलेलं नाही. कुणी आपल्याला तसं म्हणालं की आपण काय उत्तर द्यायचं असतं?

तुमची,
इरा

*

बुकित पंजांग,
६ ऑगस्ट

प्रिय इरा,

तुझ्या पत्रातल्या चुका मी लाल पेनने दुरुस्त करून सोबत पाठवते आहे. दर वेळी करते, या वेळी सोडून दिल्या असत्या तर तुला वाटलं असतं की मावशीला दया आली. 'तिने मलाच ओरडली' असं नाही, 'ती मलाच ओरडली'. तुझ्या एका वाक्याखाली मी दोन रेघा मारल्या आहेत. ती चूक नाही.

चटणीचं वाचलं. तुझ्या आईने मला लिहिलं होतं की ती संपली, तुझ्या बाबांनी भाकरीबरोबर खाल्ली. मला वाईट डब्याचं वाटलं नाही. डब्यावर अर्जुनच्या आईचं नाव कोरलेलं होतं, तरीही नाही. खोटं इतक्या प्रेमळ शब्दांत लिहिता येतं, याचा मला उबग आला. मला तुझ्या आईबद्दल किळस वाटते, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही. पण ती तुझी आई आहे. माझं मन राखायला तू तिच्याविरुद्ध काही बोलू नकोस. जे पाहिलंस ते सांगितलंस, तेवढं पुष्कळ झालं.

दीक्षा शनिवारी आली. तुझं पत्र काल पोचलं, तेव्हा तिला दिलं. ती आमच्या हॉलमध्ये जमिनीवर बसून वाचत होती, मग तेच पान पुन्हा वाचलं. म्हणाली, "म्हणजे माझं काही चुकलं नव्हतं." मी म्हटलं, नाही. मग ती तुझ्या टँग टँग टँगवर हसायला लागली, आणि हसता हसता रडली. तिचं हसणं मोठ्याने असतं, मी आधीच सांगितलं होतं. ते वाक्य तिने कागदावर उतरवून, घडी घालून पासपोर्टमध्ये ठेवलं आहे.

वर्गाला यायचं असेल तर ये. पण चोरून येऊ नकोस. घरी सांगून ये, एका वाक्यात. नाही म्हणाले तर तेही मला कळव, आपण पत्रांनी शिकू. तुझ्याकडून अजून पुष्कळ शब्द घ्यायचे आहेत. आणि 'ज्याओब्येन'च्या बदल्यात मी तुला मराठी शब्द देणं लागत होते. किळस आता तुझ्याकडे आहेच. तोच धर.

तू उत्तर विचारलं होतंस. ते फार सोपं आहे. कुणी जय भीम म्हणालं की आपणही जय भीम म्हणायचं.

दीक्षाला तिचं उत्तर अजून मिळालेलं नाही. ती रविवारी वर्गाला येणार आहे.

तुझी,
ललिता मावशी